नानांची चार सिलिंडरची गाडी आणि माझा सढळ हात

माझ्या सासऱ्यांना दोन जावई आहेत. एक आवडता, आणि दुसरा मी.

हे मी रागाने म्हणत नाही. रागाने म्हणायचं ते धोंड्याच्या महिन्यात म्हणून झालंय. अधिक महिन्यात जावयांना वाण देतात, तसं आमच्या नानांनी दोघांना दिलं. थोरले जावई अविनाशराव यांना चांदीचं तबक, आणि मला स्टीलचं! वर म्हणाले, "विलासराव, तुमचा नळांचा धंदा. स्टीलची पारख तुम्हालाच जास्त." सगळे हसले. मीही हसलो. (आतून हसलो नाही. आतून मी अजूनही त्याच पाटावर बसलेलो आहे.)

अविनाशराव म्हणजे माझे साडू. नौपाड्यात नानांच्या शेजारच्या इमारतीत राहतात, बँकेत साहेब होते, आता निवृत्त आहेत. मराठी इतकं शुद्ध की समोरच्याला आपण उगाच बोललो असं वाटावं. मी डोंबिवलीत टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान चालवतो. सुरुवात केली ती टाइल्सची खोकी खांद्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून. आज बाळकुमला टॉवरमध्ये राहतो, आणि खोकी लिफ्टने चढतात. हे सगळं मी कुणाच्या मेहेरबानीवर नाही, घासाघीस करून मिळवलेलं आहे. मी कुणाशीही घासाघीस करू शकतो. दाताच्या डॉक्टरला मी विचारलेलं, "दोन काढतोयस, तर तिसरा फुकट हलवून बघ की!" त्याने हलवून बघितला. तिसराही काढावा लागला, ती गोष्ट वेगळी.

तर मुद्दा गाडीचा. नाना तरुणपणी गोदीत नोकरीला होते. तिथला एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना आपली जपानी मोटरसायकल नानांना देऊन गेला. चार सिलिंडरची! आपल्या साध्या मोटरसायकलला एक सिलिंडर असतो आणि ती 'फट फट' करते. ही चालू झाली की कुणीतरी रेशमी कापड लांबवर फाडत नेतंय असा आवाज यायचा म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की माझं लग्न झाल्यापासून मी ती फक्त ताडपत्रीखाली पाहिलेली. नानांच्या इमारतीच्या जिन्याखाली ती उभी, आणि तिच्यावर कोणाकोणाच्या सायकली, कुंड्या, गणपतीची मखरं.

मग एके दिवशी अविनाशरावांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "नाना, पुण्यात एक सद्गृहस्थ आहेत. ते जुनी वाहनं संग्रही ठेवतात. आपली गाडी ते काचेच्या दालनात ठेवायला तयार आहेत."

माझा घास तिथेच थांबला. "काचेत? गाडी आहे की मासा?"

"विलासराव, वस्तूचं मोल ओळखणाऱ्या माणसाकडे वस्तू गेलेली बरी."

"मोल मी ओळखत नाही? नाना, गाडी मला द्या. मी चालवून दाखवतो!"

माझी बायको सुनंदा टेबलाखालून माझा पाय दाबत होती. (असा दाबला की त्याचा अर्थ 'गप्प बसा' असतो. मी तो नेहमी 'अजून बोला' असा लावतो.) नानांनी ताक संपवलं, मिशी पुसली आणि न्यायनिवाडा केला. "दसऱ्याला मला मागे बसवून तलावपाळीला एक फेरी मारून आणा. ही पूर्वीसारखी बोलली, तर गाडी तुमची. नाही बोलली, तर पुण्याला."

बस! त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. आयुष्यात सासुरवाडीकडून पहिल्यांदाच अशी वस्तू मिळणार होती, जी अविनाशरावांना मिळणार नव्हती.

गाडी टेम्पोत घालून बाळकुमला आणली आणि पंढरी म्हात्रेला दाखवली. पंढरी बाळकुमचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याच्या आजोबांच्या शेतावर आमचा टॉवर उभा आहे, त्यामुळे पंढरीला काम करायची काही गरज नाही. गळ्यात दोन चेन, दारात पांढरी मोठी गाडी, आणि आमच्या टॉवरला लागूनच, मागच्या अंगणात जुन्या मोटरसायकलींचा दवाखाना. हौस म्हणून! पैसे घेत नाही. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून जड गेला. जो पैसेच घेत नाही, त्याच्याशी घासाघीस करायची कशावर?

पंढरीने इंजिन उघडलं, बघितलं, बंद केलं. "इंजिन झकास हाय शेट. पन यो बघ, हवा-पेट्रोल मिसलनारा कार्बोरेटर. चारी पार झिजलंय. साफ करून देताव, चालंल गाडी. हलू हलू."

"हळू? पंढरी, ती बोलली पाहिजे. नाना मागे बसणार आहेत आणि अविनाशराव समोर उभे राहणार आहेत. मोठे कार्बोरेटर नसतात का? रेसवाले?"

पंढरीचे डोळे चमकले. हौशी माणसाला फक्त निमित्त लागतं. "हाईत की! मोठ्या तोंडाचं. एकेका सिलिंडरला एकेक. मागं हवेची पेटीच नाय, डायरेक उघडं भोंगं. गाडी अशी बोलंल, का तुझा साडू दोन्ही कान धरून बसंल."

एवढं ऐकल्यावर मी कशाला थांबतोय! तसे जुने परदेशी सुटे भाग विकणारा एक माणूस कल्याणला होता. मी आणि पंढरी दोघं गेलो. दुकानदाराने डब्यातल्या फडक्यातून चौघांना बाहेर काढलं. एका दांडीवर ओळीने बसवलेले चार कार्बोरेटर, चकचकीत, आणि प्रत्येकाच्या मागे कर्ण्यासारखा पसरट भोंगा. मला मनातून इतके आवडले की मी ताबडतोब तोंड वाईट केलं.

"हे? हे तर वापरलेले दिसतायत."

"नवे आहेत शेठ. डब्यातून आत्ता काढले तुमच्यासमोर."

"डबाही जुनाच आहे."

मी तीनदा दुकानातून निघून गेलो. (तिसऱ्यांदा त्याने परत बोलावलं नाही, तेव्हा मी छत्री विसरल्याचं निमित्त करून आत आलो.) शेवटी गाडी अडली ती जाळ्यांवर. भोंग्यांच्या तोंडावर बसवायच्या चार बारीक जाळ्या त्या संचातच होत्या. मी त्या उचलून त्याच्यासमोर ठेवल्या.

"या काढून घ्या आणि त्या हिशोबाने भाव खाली आणा."

"शेठ, जाळ्या नसतील तर गाडी कचरा खाईल."

"माझी गाडी सोसायटीत उभी राहते. कचऱ्याच्या ढिगावर नाही!"

"शेट, घे की जाली," पंढरी हळूच म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. पुढे तोंडं झाकायची, तर मग भोंगे विकत कशाला घेतोय?"

दुकानदाराने जाळ्या परत फडक्यात गुंडाळल्या. त्याचा चेहरा इतका पडला होता, की मी जिंकलो याची मला खात्रीच पटली. येताना शीळफाट्याला थांबून मी पंढरीला मिसळ खिलवली. त्याने पाव जास्तीचे मागितले, मी ते फुकट मिळवून दिले. एकूण दिवस फार चांगला गेला.

कार्बोरेटर बसवणं म्हणजे मला वाटलं होतं नळ बसवण्यासारखं. आटे फिरवले की झालं! पण इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये रबराचे गळे असतात. जुने तडकले होते म्हणून नवे आणले, आणि ते इतके ताठ की चारही कार्बोरेटर एकदम आत जाईनात. पंढरी सांगे, "रबर गरम पान्यान टाक." मी गरम पाणी आणलं. पंढरी सांगे, "आता ढकल." मी ढकललं. तीन आत गेले, चौथा बाहेर आला. पुन्हा गरम पाणी. सुनंदा खिडकीतून ओरडली, "अहो, गिझर तुम्ही एकट्यासाठी लावलाय का? इथे माणसं अंघोळीची थांबलीत!" शेवटी मी भिंतीला पाय लावून ढकललं, चौघं एकदम 'पच्‌' करून आत बसले, आणि मी गाडीच्या पलीकडे पंढरीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात!

मग सुरू झालं खरं काम. चारही कार्बोरेटरनी सारखाच श्वास घ्यायला हवा, एकाने जास्त, एकाने कमी असं चालत नाही. पंढरीने चार नळ्या लावून हवेची ओढ मोजणारी, एकेका काट्याची चार घड्याळं जोडली. इंजिन चालू केलं की चार काटे चार दिशांना थरथरत. पंढरी बारीक स्क्रू पाव पाव आटा फिरवत बसला.

"काय करतोयस?"

"चार भावांची सही घेताव शेट. एकाच जमिनीव. यो एक नंबर कबूल झाला का दोन नंबर रुसतंय. दोनला समजावलं, का चार नंबर बायकोला इचारून येतो बोलतंय."

जमिनीचे व्यवहार ज्याने केलेत त्याला हे काम जमणारच! स्क्रू फिरवताना तो त्यांच्याशी बोलायचासुद्धा. "तुला कमी दिलाय काय? घे, अजून घे. आता गप बस." मध्येच पेट्रोल सोडणारे बारीक जेट बदलायचा, फेरी मारायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरा असला तर कमी पडतंय. अखेर एकदा त्याने प्लग माझ्या नाकासमोर धरला. दुधाच्या चहासारखा रंग! चारही काटे एका रेषेत उभे! पंढरीने हात पुसले आणि मला चावी दिली. मी हँडलच्या मुठीला हलकेच पीळ दिला, आणि काय सांगू, ती बोलली! त्या उघड्या भोंग्यांतून असा खर्जातला हुंकार आला की टॉवरच्या पार्किंगमधल्या सगळ्या मोटारींचे अलार्म एकदम वाजायला लागले. वॉचमन सलाम करून उभा राहिला. त्याला वाटलं कुणीतरी मंत्री आला.

"फकस्त एक सांगताव," पंढरी म्हणाला. "भोंग्यावर जाली नाय. गाडी उभी केली का तोंडावर फडकी बांध. आत काय बी जाता नये. मना फोन नको करू मग."

मी फडकी बांधली. रोज बांधली. मी निष्काळजी माणूस नाही.

दसऱ्याला सकाळी मी बाळकुमहून नौपाड्याला गाडी नेली. मागे सुनंदा, नवी पैठणी नेसून. गाडी लोण्यासारखी चालत होती. सिग्नलला थांबलो की रिक्षावाले मान बाहेर काढून विचारत, "काका, कौनसी है?" मी उत्तर न देता नुसता मुठीला पीळ देई. उत्तर ते! नानांच्या इमारतीखाली पोहोचून मी गाडी उभी केली आणि भोंग्यांवर फडकी बांधली, तेव्हा नाना खुर्ची टाकून बसलेच होते. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि डोळ्यांत पाणी. निदान मला तरी पाणी वाटलं.

अविनाशराव सिल्कच्या झब्ब्यात पुढे आले. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी चारही भोंग्यांची फडकी सोडली आणि आत डोकावून पाहिलं. "अच्छा. म्हणजे श्वसनमार्ग खुलाच आहे."

"हात लावू नका," मी म्हटलं.

"मी निरीक्षण करतोय."

"निरीक्षण पुण्याला करा!"

आता दसरा म्हटलं की गाडीची पूजा आली. माझ्या दुकानातल्या वजनकाट्यापासून ड्रिल मशिनपर्यंत सगळ्यांची पूजा करून मी आलेलो. इथे सुनंदाच्या बहिणीने तबक आणलं. हळद, कुंकू, झेंडू आणि कुंकवाच्या पाण्यात भिजवलेल्या लालभडक अक्षता. आणि नाना म्हणाले, "अविनाशराव, थोरले तुम्ही. करा पूजा."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या! खुराड्यात मी पडलो, हात माझे सोलले, कल्याणला घसा माझा बसला, आणि पूजा कोण करणार? ज्याच्या झब्ब्याला पेट्रोलचा थेंब लागलेला नाही तो!

अविनाशरावांनी दोन बोटांनी कुंकवाचा ठिपका टाकीवर लावला. बोट पुसलं. मग एक अक्षता, अक्षरशः एक, हेडलाइटवर ठेवली. ती घरंगळून खाली पडली. म्हणाले, "झालं."

"झालं?" मी तबक त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. "ही पूजा आहे की पेन्शनच्या फॉर्मवर सही? माझी गाडी, माझी पूजा. सरका!"

मी पूजा केली. बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी केली. चाकांना हळद, हँडलला हार, टाकीवर पाच बोटांचं कुंकू. मग मी कार्बोरेटरपाशी आलो. खरं दैवत ते! चार भोंगे 'आ' वासून ओळीने बसलेले. मी प्रत्येक तोंडात एकेक झेंडू खोचला. अगदी मापाचे बसले, फुलदाणीत बसावे तसे.

"अहो, तोंडात कशाला घालताय?" सुनंदा म्हणाली.

"देवाला पायावर फूल वाहतात. हिला पाय कुठे आहेत? चाकं आहेत. तोंडच आहे जे आहे ते!"

"मग वरून ठेवा ना."

"सुनंदा, तुला कार्बोरेटरमधलं काय कळतं?"

तिने हात जोडले. मला की गाडीला ते कळलं नाही. मी फुलं काढून घेतली (मी मूर्ख नाही, फुलं आत ठेवून गाडी चालू होत नाही एवढं मला कळतं), आणि मग शेवटी उरलेल्या अक्षता मुठीत घेऊन, डोळे मिटून, मनोभावे, सढळ हाताने वाहिल्या. कुठे वाहिल्या? अहो, जिथे फुलं वाहिली होती तिथेच! चारही भोंग्यांवर सारख्या वाटून. एकालाही कमी नाही. चार भावांचा प्रश्न होता ना!

नाना मागे बसले. हेल्मेट घातलं, माझ्या कमरेला विळखा घातला. मी बटण दाबलं. गाडीला ठसका लागल्यासारखं झालं, खोकली, आणि पेटली. मी मुठीला पीळ दिला. ती बोलली! टाळ्या पडल्या. मी अविनाशरावांकडे एक नजर टाकून निघालो, आणि गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करायला मूठ सोडली.

मूठ सुटली. आवाज सुटला नाही.

उलट वाढला! मी मूठ उलटी फिरवली, पुन्हा फिरवली, तिला चापट मारली. इंजिन आपलं कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखं किंचाळतंय. क्लच दाबला तर आणखी वर! शेवटी चावी बंद केली. एकदम शांतता. गाडी घरंगळत चालली. मागून नाना म्हणाले, "थांबलात का?"

चावी चालू केली. धडाम! सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल असं फुटलं की फूलवाल्याने झेंडूच्या ढिगामागे उडी मारली. गाडी घोड्यासारखी पुढे झेपावली. चावी बंद. शांतता. चावी चालू. धडाम! सगळा नौपाडा आम्ही असा पार केला, एक झेप, एक घरंगळ, एक बॉम्ब. गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. एका पोराने टाळ्या पिटत विचारलं, "आजोबा, रावण कुठे जाळणार?" तलावपाळीला फेरी कसली, समोर आपट्याची पानं विकणाऱ्यांची दाटी दिसली तशी मी पहिल्याच वळणावर चावी बंद करून गाडी परत फिरवली.

"विलासराव," नाना कानाशी ओरडले, "भात करपल्याचा वास येतोय!"

"कुणाच्या तरी घरचा असेल, नाना!"

खरोखरच वास येत होता. आम्ही जिथून जिथून जात होतो, तिथल्या बायका गॅलरीतून आत धावत होत्या. आपापले कुकर बघायला!

इमारतीखाली परत आलो ते शेवटचा बॉम्ब फोडूनच. मी उतरलो. हातपाय थकले होते, पण जीभ नाही. जीभ माझी कधीच थकत नाही. मी सरळ अविनाशरावांसमोर गेलो.

"काय घातलंत आत?"

"मी?"

"फडकी कुणी सोडली? आत कोण वाकलं होतं? निरीक्षण! बँकेत पण असंच निरीक्षण करायचात का? पुण्याच्या त्या मासेवाल्याला गाडी मिळावी म्हणून तुम्ही माझ्या कार्बोरेटरला हात लावलात!"

"विलासराव, शब्द जपून वापरा."

"शब्द माझे आहेत, मी कसेही वापरीन! धोंड्याला चांदी तुम्ही घेतली, मी बोललो नाही—"

"तुम्ही गेली कित्येक वर्षं बोलताय," सुनंदाची बहीण म्हणाली.

सगळी इमारत खाली आली. कुणी माझ्या बाजूने, कुणी त्यांच्या, बहुतेक नुसतेच मजा बघायला. मी पंढरीला फोन लावला. "ये! साक्षीला ये! घातपात झालाय!"

पंढरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात आणखी एक चेन घालून आला. (सणाची.) बाह्या वर केल्या, कार्बोरेटर सोडवले, आणि तिसरा उजेडात धरून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

लालभडक. टोकदार. तांदळाचा दाणा.

"झडप वर-खाली व्हयाची ती खाच हाय ना, तितं अडकला," पंढरी म्हणाला. "चारी झडपा एकाच दांडीला बांधल्यात. एक अडली का चारी उघड्याच. बाकीचा तांदूल आत जाऊन शिजला." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "आरं शेट, मना सांग. तुना काय जेवान घातलास हिला?"

मी तळहाताकडे बघत होतो. हवेत उडालेल्या धूळ-मातीचा दाणा असता तर मी काहीतरी बोललो असतो. पण कुंकवात भिजलेला तांदूळ नौपाड्याच्या हवेत आपोआप उडत नाही.

तेवढ्यात अविनाशराव पुढे झाले. दाणा निरखला. आणि त्यांच्या त्या शुद्ध मराठीत म्हणाले, "अक्षता? म्हणजे मघाशी इंजिनाचं लग्न लागलं तर. आम्हाला निमंत्रण नव्हतं."

पहिले हसले ते नाना. काठी टाकून, खुर्चीचे हात धरून, पोट दाबून हसले. मग सुनंदा हसली. (तिच्यापासून मला ही अपेक्षा नव्हती. म्हणजे होती.) मग वरचे, खालचे, समोरच्या इमारतीतले. पंढरी तर गाडीवर डोकं टेकवून हसत होता. मी म्हटलं, "जाळ्या असत्या तर असं झालं नसतं. त्या कल्याणच्या माणसाने जाळ्या दिल्या नाहीत!" पंढरी डोकं वर न करता म्हणाला, "शेट, गप बस. मी होतो तितं."

अर्धवट हसू पुसत अविनाशराव म्हणाले, "नाना, मग पुण्याला कळवू?"

हरलो होतो मी. फेरी झाली नव्हती, अट पुरी झाली नव्हती, आणि ती गाडी त्या क्षणी मला इतकी माझी वाटत होती की काय सांगू. कुंकवाने माखलेली, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेली, करपलेल्या भाताचा वास येणारी. काचेत? हिला?

नानांनी डोळे पुसले. "थांबा. मी मागे बसलो होतो. अट माझी होती, ही पूर्वीसारखी बोलली पाहिजे." "अहो, पूर्वी हिच्यावर बसून मी गल्लीतून गेलो की बायका गॅलरीत येत. आज इतक्या वर्षांनी आल्या! अविनाशराव, तुम्ही शेजारी राहता, पण इतक्या वर्षांत तिच्यावरची कुंडी कधी उचलली नाहीत. विलासरावांनी तिला निदान जेवू तरी घातलं. गाडी विलासरावांची. आणा कागद, सही करतो."

मी जिंकलो! अविनाशरावांसमोर, सगळ्या नौपाड्यासमोर! अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? नानांच्या पाया पडतो आणि कागद पुढे करतो. कागद आला, नानांनी त्यावर माझं नाव लिहिलं, आणि मीही पाया पडायला वाकलोच होतो. पण वाकता वाकता जिन्याखाली नजर गेली, आणि तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"नाना, त्याच्यासोबत ती ताडपत्री पण येईल ना? आणि तो मागचा स्टँड? नाही म्हणजे, एवढं घेतोय तर..."

नानांचं पेन हवेत थांबलं.

"फुकट देतोय मी."

"हो, पण ताडपत्री तुम्हाला तशी उपयोगाची नाही. आणि जुनं हेल्मेट आहे ना एक?"

सुनंदाने माझा पाय दाबला. मी नेहमीचा अर्थ लावला. "आणि टायर जरा गेलेले आहेत नाना, ते बघता..."

नानांनी पेन टेकवलं, माझ्या नावावर शांतपणे रेघ मारली, आणि शेजारी लिहिलं: सौ. सुनंदा विलास. खाली सही केली, कागद मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "चावी तू ठेव गं. हा माणूस यमाकडेसुद्धा रेड्यासोबत घंटा मागेल."

ताडपत्री तिला मिळाली. स्टँड मिळाला. हेल्मेटही मिळालं. तिने काही मागितलं नव्हतं.

आता गाडी बाळकुमला आमच्या पार्किंगमध्ये असते. पंढरीने तिला पुन्हा सुरेल केलंय, चारही भाऊ नांदतायत. चावी सुनंदाच्या कपाटात. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, "चावी दे, जरा शीळफाट्यापर्यंत जाऊन येतो."

"नाक्यापर्यंत."

"निदान कळव्यापर्यंत तरी?"

"नाक्यापर्यंत. आणि येताना कोथिंबीर आणा."

"अगं, मध्ये काहीतरी धरू. माजिवड्यापर्यंत, आणि सोबत मेथीपण आणतो!"

"नाका. कोथिंबीर."

अर्धा तास घासाघीस केली. कल्याण-डोंबिवलीतले व्यापारी ज्याला बघून शटर अर्धं ओढतात, त्या माणसाने केली. ती जागची हलली नाही. मी नाक्यावर गेलो. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, असा गर्जत गेलो की भाजीवाली उठून उभीच राहिली. कोथिंबिरीची जुडी घेतली, आणि म्हटलं, "मावशी, थोडा कढीपत्ता टाका वरून."

तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"एवढं विमान घेऊन आलाय, नि कढीपत्ता फुकट मागता?"

नाही दिला.